चाळणी कुणी टांगली?

तू मला फसवलंस, दामू. शोकसभेत लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले ते सगळं मी ऐकलं. वाघांचा सोबती, डोंगराचा राखणदार, देवमाणूस. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसलो होतो. हा देवमाणूस माझ्याशी खोटं बोलला आणि त्या खोट्यापायीच गेला, हे त्या हॉलमध्ये कुणाला माहीत नव्हतं. मला आहे. तुला होतं.

त्याआधी मी तुला फसवलं होतं, हेही खरं. तेही सांगणार आहे, पण माझ्या वेळेला. सौद्याला बसलेला माणूस आपली लंगडी बाजू आधी दाखवत नाही, हे नऊ वर्षं माझ्याशी घासाघीस करून तुला कळलंच असेल.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास तेव्हा तुझ्या बगलेत खिडकीची काच होती. मनवेलपाड्यात ताडपत्रीखाली पंक्चर काढून काढून मी नालासोपाऱ्यात नुकताच गाळा घेतला होता. मुंबईच्या हौशी लोकांसाठी गिअरच्या सहा सायकली आणल्या होत्या. रविवारी सकाळी ती मंडळी यायची, सायकली भाड्यानं घ्यायची आणि तुंगारच्या डोंगरात जायची. माझं बरं चाललं होतं. तू काच काउंटरवर ठेवलीस. तिच्यावर निळ्या स्केचपेननं गुठळ्यांची एक नक्षी काढलेली होती.

"हा टायर तुझा काय?"

"टायर कंपनीचा असतो. तुम्हाला काय हवंय?"

तू काच उचलून दुकानातल्या एकेका सायकलीच्या चाकाला लावत गेलास. चौथ्या सायकलीपाशी थांबलास आणि माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी घरफोडी केली होती. "हाच. रविवारी ही कोनाला दिली व्हतीस? माझी पट्टी पुसली त्यानं."

मी तुला वेडाच समजलो. वसई स्टेशनपासून सुरुवात करून तू अकरा दुकानं पालथी घातली होतीस, हे नंतर कळलं. माझं बारावं. एका टायराच्या खुणेसाठी सबंध तालुका फिरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. गिऱ्हाइकं ऐकत होती म्हणून मी ओरडलो, तूही ओरडलास, आणि मग मीच चहा मागवला. ओरडून दमलेल्या माणसाशी चांगला सौदा होतो.

चहा पिता पिता तू सगळं सांगितलंस. खाडीकाठच्या गावात तुमची वाडी आणि थोडी भातशेती. वडील मिठागरात. तू गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामावर. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर शेळी मारली गेली की डॉक्टरांबरोबर तुला जावं लागायचं. डॉक्टर शेळी बघायचे, तू जमीन बघायचास. त्यातूनच तुला नाद लागला. डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेवर तीन ठिकाणी तू आडवी पट्टी करायचास. चाळलेली माती अंथरायची आणि मिठागरात चिखल सपाट करायची वडिलांची लाकडी फळी तिच्यावरून फिरवायची. संध्याकाळी पट्टी गुळगुळीत करून तू घरी जायचास, सकाळी येऊन वाचायचास. कोण गेलं, कुठून कुठं गेलं, घाईत होतं की सावकाश. ठशावर काच धरून निळ्या पेननं तो उतरवायचा आणि घरी जाऊन पारदर्शक कागदावर घ्यायचा. डॉक्टरांसमोर तू 'बिबट्या' म्हणायचास. एरवी तुझ्या तोंडी वाघच.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"नऊच्या आधी वर कोनी जायचं नाय."

"नऊला उन्हाचा कडाका होतो. माझी गिऱ्हाइकं मुंबईहून पहाटे निघतात. सहा."

"सहाला मला माझा हात दिसत नाय. डोंगर पूर्वेला हाय. ऊन त्याच्यावरनं वाटेवर उतरायला नऊ व्हतात. ऊन तिरकं पडलं तवाच ठसा उठतो."

"टॉर्च घे. आडवी धर, तिरका उजेड पडेल. साडेसहा."

"साडेआठ."

"टॉर्च मी देतो. सेलही माझे. सात."

साडेसातवर सौदा ठरला आणि तू उठलास. मला आठवतं, दुकानाच्या पायरीवर तू एकदा मागं वळून पाहिलंस. काहीतरी हातातून सुटलं, पण काय ते कळत नाही, असा चेहरा होता तुझा. मी मात्र दिवसभर खूश होतो. दीड तास मिळवला आणि दिली काय, तर एक टॉर्च.

त्यानंतर आपला रिवाज बसला. तिन्ही पट्ट्या वाचून तू खाली उतरायचास आणि जानकीमावशीच्या चहाच्या टपरीशेजारच्या आंब्यावर चाळणी टांगायचास. तीच चाळणी, तुझ्या आईची तांदळाची, पत्र्याच्या कडेची, एका बाजूला फाटलेली आणि तारेनं शिवलेली. चाळणी दिसली की वाट मोकळी. मुंबईच्या लोकांना हा नियम मीच पढवला होता. त्यांना त्यात गंमत वाटायची. फोटो काढायचे त्या चाळणीचे. पण एकानंही ती दिसायच्या आत कधी पेडल मारलं नाही. पाठीवर पिशव्या घेऊन चालत जाणारे ट्रेकवालेसुद्धा आंब्याकडे बघून थांबायचे. नऊ वर्षांत त्या वाटेवर माणसाला ओरखडा आला नाही आणि वाघालाही नाही. सरकारी बोर्डानं जे झालं नसतं ते एका फाटक्या चाळणीनं केलं. हे शोकसभेत कुणीतरी बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही.

एकदा तू मला वर घेऊन गेलास. "नुसतं भाडं खातोस, मालकीन तरी बघ," म्हणालास. दुसऱ्या पट्टीच्या वरच्या झुडपात आपण बसलो. गुडघे दुखत होते, डास चावत होते, मी दोनदा कुरकुर केली. मग खालच्या झाडावर एक वानर खाकरलं. तू माझं मनगट धरलंस. पुन्हा खाकरलं, या वेळी जवळ. आणि ती आली. वीस पावलांवर. वाटेच्या मधोमध, खाली मान घालून, खांदे एकाआड एक वर-खाली होत होते. पट्टीपाशी थांबली. मातीचा वास घेतला. तुझ्या हाताचा वास येत असणार तिला. मग सरळ पट्टीवरून चालत गेली, शेपटीचं टोक तेवढं वर. तू कानाशी येऊन म्हणालास, "जा आता. घासाघीस कर तिच्याशी."

तो क्षण तू मला फुकट दिलास. आयुष्यात मला फुकट असं फार थोडं मिळालंय, दामू. त्यातलं बरंचसं तुझ्याकडून. त्या दिवशी घरी जाताना तू राजेळी केळ्यांचा अर्धा घड माझ्या सायकलीला बांधलास, तोही फुकट. मी कधी आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

आता माझी लंगडी बाजू.

गेल्या पावसाळ्यानंतरचा पहिला मोठा रविवार. चार महिने धंदा बंद, आणि एकदम बारा जणांचा कंपू. साडेसात झाले, तू नाहीस. आठ झाले. सव्वाआठ. कंपूतला एक उंच माणूस घड्याळ बघत म्हणाला, पुढच्या वेळेला दुसऱ्या डोंगराचं बघू. माझं डोकं सटकलं. तुझ्यावर. नेहमी साडेसातचा सौदा, आणि आज नेमका उशीर! आंब्यावर काही नाही, आणि चाळणी दिसेपर्यंत हे हलणार नाहीत, कारण तसं मीच त्यांना शिकवलेलं. टपरीच्या खिळ्याला जानकीमावशीची चाळणी लटकत होती. मी ती काढली.

"शेठ, ती पिठाची हाय माझी," मावशी म्हणाली.

"पाच मिनिटांत देतो."

टांगली. बाराही जणांनी टाळ्या वाजवल्या आणि निघाले.

तू तिसऱ्या पट्टीपाशी होतास. उशीर झाला होता कारण त्या सकाळी तुला पट्टीवर मांजरीएवढे ठसे सापडले होते. दोन पिल्लांचे. तू काच धरून एकेक उतरवत होतास, आणि वर, वळणाच्या पलीकडे, वाघीण पिल्लं दुसरीकडे हलवत होती. एक तोंडात, एक मागे. तेवढ्यात बारा सायकली घंट्या वाजवत आल्या. तिनं तोंडातलं टाकलं आणि एका उडीत झाडीत गेली. सायकलवाल्यांना काही दिसलंही नाही. ते आरडाओरडा करत पुढं निघून गेले.

हे सगळं तू मला सांगितलंस ते आठ दिवसांनी. त्या दिवशी तू खाली आलास, आंब्याकडे पाहिलंस, मावशीची चाळणी काढून तिला परत दिलीस आणि मला एवढंच विचारलंस, "नवी घेतलीस?"

तू आपली चाळणी टांगलीस आणि फळी खांद्यावर टाकून निघून गेलास. तुझी पाठ अजून दिसते मला.

आठ दिवसांनी तू सांगितलंस, "दोन व्हती. आता एकाचेच ठसे येतात."

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, दुसरा नर आला असेल, ते पिल्लं मारतात, हे तूच सांगितलंस. तू म्हणालास, असंल. मी म्हणालो, आजारानं गेलं असेल. तू म्हणालास, असंल. मी म्हणालो, मग ते माझ्या नावावर का टाकतोस? तू म्हणालास, "मी कुठं टाकतोय? मी फक्त किती ठसे ते सांगितलं." याच्यावर मी काय बोलायचं? भांडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. नुसते ठसे सांगणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

त्यानंतर महिनाभरानं टपरीवर मी सहज विचारलं, "कुठं असते ती हल्ली?" तू कपात बघत म्हणालास, "डावीकडं. करवंदीच्या घळीत." लगेच. इतक्या पटकन तू मला आयुष्यात कशाचंच उत्तर दिलं नव्हतंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. समोरचा माणूस लवकर भाव सांगतो तेव्हा मालात खोट असते, हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

मग मुंबईचा एक क्लब शर्यत घेऊन आला. थंडीतल्या एका रविवारी, चाळीस सायकली, बहुतेक माझ्याच. तिसऱ्या पट्टीच्या पुढं वाट फुटते हे सगळ्यांना माहीत. डावीकडची घळीतून जाणारी, मऊ मातीची, सायकलीसाठी केलेली जणू. उजवीकडची सुक्या ओढ्याच्या काठानं जाणारी, दगडगोट्यांची. क्लबच्या सेक्रेटरीला अर्थात डावी हवी होती. मी उजवी म्हणालो. तो म्हणाला, उजवीकडं टायर फुटतील. मी म्हणालो, फुटले तर माझे फुटतील. तो म्हणाला, मग दुसरा सायकलवाला बघतो. मी म्हणालो, बघ, आणि तसाच उठून दारापर्यंत गेलो. उठून जायचं नाटक मी हजारदा केलंय. त्या दिवशी ते नाटक नव्हतं. तो हाक मारून म्हणाला, बरं, उजवी.

हे मी तुला सांगितलं नाही. शर्यत आहे एवढंच सांगितलं. का नाही सांगितलं, ते ऐक. माफी मागायला माझी जीभ वळत नाही. कधीच वळली नाही, घरच्यांना विचार. ती वळवलेली वाट ही माझी माफी होती, दामू. शर्यतीच्या दिवशी तू बघशील, न बोलता तुला कळेल, आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे चहा पिऊ, असं मी मनात ठरवलं होतं.

आणि तू? शर्यत म्हटल्यावर तू डोंगर डोक्यावर घेशील अशी माझी तयारी होती. तू म्हणालास, "घळीपाशी गोंगाट करू नका म्हनावं." बस्स. मला वाटलं, दामू दमला. दमला नव्हतास. शर्यत डावीकडूनच जाणार असं तू धरून चालला होतास, आणि डावीकडं ती नव्हतीच. तू निश्चिंत होतास. तुझं खोटं कसं नीट बसलं होतं! मीच ते चांगुलपणानं उखडून टाकलं.

त्या सकाळी साडेसातला तूच चाळणी टांगलीस. तुझीच, तारेनं शिवलेली. तिन्ही पट्ट्या स्वच्छ होत्या. सहा सायकलींची पहिली तुकडी सुटली. फाट्यावर कुठं वळायचं ते दाखवायला क्लबचा माणूस स्वतःच्या सायकलीवर त्यांच्याबरोबरच गेला. टपरीवर तू बशीत चहा ओतलास. मला राहवलं नाही. छाती फुगवून मी म्हणालो, "वाट उजवीकडून नेलीय. तुझ्या वाघिणीसाठी. सेक्रेटरीशी भांडून."

बशी तुझ्या ओठांपाशीच थांबली.

"उजवीकडनं?"

"मग? डावीकडं ती आहे ना."

तू बशी खाली ठेवलीस. सांडू न देता, अगदी जपून. "रघ्या, ती उजवीकडं हाय. ओढ्याच्या कपारीत. पिल्लू हाय संगती."

"तू डावीकडं म्हणालास!"

"म्हनालो."

आणि तू पळालास. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात चपला, सुक्या ओढ्याच्या पात्रातून सरळ वर. वाट वळसे घेत जाते, ओढा सरळ चढतो. सायकलींच्या आधी पोचायचं तर तोच एक मार्ग होता. मी दुसऱ्या तुकडीला थांबवलं, एक सायकल ओढली आणि वाटेनं सुटलो. गिअर टाकायचंही सुचत नव्हतं. खिशातल्या मोबाइलला रेंज नाही. पहिली पट्टी, दुसरी पट्टी, आणि तिन्हींवर सात सात सायकलींच्या रेघा. वानरांचा गलका वरून येत होता, एकच नाही, सगळा कळप. तिसऱ्या पट्टीपाशी ते अचानक गप्प झाले. ते गप्प होणं त्या गलक्यापेक्षा वाईट होतं.

फाट्यावरून मी उजवीकडं वळलो आणि ते सगळे दिसले. सहा सायकलवाले अरुंद जागेत एकमेकांना चिकटून. क्लबचा माणूस पांढराफटक. त्यांच्यापुढं कपारीकडं तोंड करून तू, दोन्ही हात पसरून. कपारीतून तो आवाज येत होता, करवतीनं लाकूड कापावं तसा, थांबून थांबून. ती दिसत नव्हती. दिसली असती तर बरं झालं असतं.

तू बोलत होतास. जखमी बैलाला पट्टी बांधताना काढायचास ना, तो आवाज. "पळायचं नाय. पाठ दाखवायची नाय. सायकल पुढ्यात धरा. एक पाऊल मागं. हां. अजून एक." कुणाशी बोलत होतास ते कळत नव्हतं, त्यांच्याशी की तिच्याशी. एकाचं पेडल दगडावर आपटलं. आवाज थांबला, आणि कपारीच्या तोंडाशी पिवळं काहीतरी हललं. तू जागचा हलला नाहीस. "कोनी काय करत नाय तुला," म्हणालास. हे तर नक्की तिलाच. "जातो आम्ही."

आणि ती सगळी मंडळी पाऊल पाऊल मागं सरकत फाट्यावर आली. शेवटी तू. सातही जण सुखरूप, ती सुखरूप, पिल्लूही. मी पाहिलं आणि माझं डोकं फुटलं. सुटका झाली की मला राग येतो, तसा माझा स्वभाव आहे. मी तुझ्या अंगावर धावून गेलो. "खोटं का बोललास? नऊ वर्षं तुझ्या चाळणीवर मी धंदा केला! माझ्याशी खोटं? एकदा मी चाळणी टांगली म्हणून? एकदा?" तू हात वर केलास, थांब म्हटल्यासारखा, आणि चपलेचा अंगठा बघायला वाकावं तसा दगडावर बसलास. मला वाटलं, उत्तर टाळतोयस. मी बोलतच राहिलो. किती वेळ, ते मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. तुझे ओठ काळेनिळे पडलेत हे मला दिसलं नाही. त्या क्लबच्या माणसाला दिसलं.

तिसऱ्या पट्टीशेजारच्या झुडपात तुझी फळी ठेवलेली होती. ती दोन सायकलींवर आडवी बांधली, तुला तिच्यावर निजवलं आणि चालवत खाली आणलं. दुसऱ्या पट्टीपाशी तू डोळे उघडलेस. टायरांच्या रेघांनी ती आधीच पुसली गेली होती. तरी म्हणालास, "पट्टीवरनं नको. बाजूनं." आम्ही बाजूनं नेलं. त्यानंतर तू काही बोलला नाहीस. पायथ्याशी तुला जीपमध्ये घातलं, पण ती विरारला पोचायच्या आत तू गेलास. माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता.

दहाव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. बाहेर ओटीवर बसलो, आत जायचा धीर झाला नाही. त्यांनीच पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "वहिनी, दामूला माझा एवढा राग होता, तर तोंडावर बोलायचं होतं."

"राग नव्हता, भावजी," त्या म्हणाल्या. "भीती व्हती."

"माझी?"

"तुमच्या तोंडाची. ते म्हनायचे, रघ्याला खरं सांगितलं का तो त्यातलं अर्धं मागून घेतो, आनि मी देऊन येतो. म्हनायचे, तो समोर बसला का मला नाय म्हनता येत नाय. ह्या वेळेला त्याला मागायलाच काय ठेवायचं नाय."

मी तुझ्याशी केलेले सगळे सौदे आठवून पाहिले. सगळे मीच जिंकले होते. नऊचे साडेसात झाले. मंगळवारी वाट बंद ठेव म्हणाला होतास, ती चालू राहिली. पावसाळ्यानंतर महिनाभर थांब म्हणाला होतास, पंधरा दिवसांवर आलास. प्रत्येक वेळी मला वाटायचं, दोघांचं समाधान झालं. एकदा तरी टेबलावर हात आपटून नाही म्हणायचं होतंस! मी ऐकलं नसतं, दोन दिवस बोललो नसतो, तिसऱ्या दिवशी आलो असतो. तेवढंही तू मला ओळखलं नाहीस?

निघताना वहिनींनी तुझी काच, पेनं, चाळणी आणि फळी माझ्या हवाली केली. "कोनाला देऊ दुसरं?" म्हणाल्या. घासाघीस न करता घेतली मी.

सायकलींना आणि ट्रेकवाल्यांना वनखात्यानं वाट आता बंद केलीय. माझं नुकसान मी सोसतोय, त्याबद्दल तुला काही विचारत नाही. पट्टीपर्यंत तेवढं मला जाऊ देतात. संध्याकाळी घरून, बोळिंजहून, स्कूटर काढतो, मावशीकडे चहा घेतो, वर जातो. माती चाळतो. फळी फिरवतो. तुझ्यासारखी गुळगुळीत होत नाही, मध्ये लाटा राहतात. घाई नसते, खाली कुणी घड्याळ बघत नसतं. म्हणून वाचायला नऊला जातो, तू पहिल्या दिवशी मागितलेल्या वेळेला. डोंगरावरून ऊन उतरतं, तिरकं. आणि दामू, ठसे खरंच उठतात. मातीतून कुणीतरी वर उचलून धरल्यासारखे. टॉर्चच्या उजेडात ते निम्मेसुद्धा दिसत नसणार. नऊ वर्षं तू ते टॉर्चच्या उजेडात वाचत होतास. माझ्या टॉर्चच्या.

आज सकाळी तिसऱ्या पट्टीवर ती गेलेली दिसली. ती मला ओळखता येते. तिच्या शेजारी लहान ठसे आहेत. उजव्या अंगाला एक ओळ आणि डाव्या अंगाला, थोडी पुसट, दुसरी ओळ.

दोन्ही ओळी मी काचेवर उतरवल्यात. रेघा वेड्यावाकड्या आल्या आहेत. आता काच काउंटरवर आहे, तू पहिल्या दिवशी ठेवली होतीस तिथंच. दोन तास बघतोय. ही दोन पिल्लं आहेत, की एकच आईच्या मागून या अंगाला, त्या अंगाला पळालंय? तू नखाएवढ्या फरकावरून सांगितलं असतंस. मला नुसत्या निळ्या रेघा दिसतात.

दोन असतील, तर जे मरण माझ्या नावावर टाकलं नाही म्हणालास आणि तरी मनात धरून बसलास, ते खोटं होतं. अंधारात तुझी नजर चुकली, आणि त्या चुकीवर विसंबून तू मला खरं सांगायचं बंद केलंस. एकच असेल, तर दुसरं मी मारलं. तो अंधारही मीच तुझ्याकडून मागून घेतला होता, हे मला कळतंय. तेवढं कबूल करतो, आणि नऊ वर्षांत कबूल केलेली ही पहिलीच गोष्ट आहे, लिहून ठेव. पण उरलेल्याचं उत्तर मला हवं आहे. ते शोकसभेतले लोक देणार नाहीत, वहिनी देणार नाहीत, ती तर मुळीच देणार नाही.

तूच द्यायचंस. वाट उद्या उघडली तरी चाळणी माझ्या हातात आहे, आणि तू सांगेपर्यंत मी ती टांगणार नाही. बोल, दामू. एक की दोन?